बर्फावर मीठ, चवीपुरतंच

डिसेंबर उजाडला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर नव्याने घर घेतलेल्या कुणाचा तरी ठरलेला प्रश्न येतो, "ड्राइव्हवेवर मीठ किती टाकायचं?" आणि ठरलेलं उत्तरही येतं, "टाक भरपूर, पडण्यापेक्षा बरं." मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनिआपोलिसच्या उपनगरात राहते आणि या उत्तराचे परिणाम दर हिवाळ्यात बघते. फावडं कोपऱ्यात कोरडं उभं, ड्राइव्हवेवरच्या, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेवरच्या, चार इंच स्नोवर अर्धी पिशवी मीठ ओतलेलं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि मीठ जसंच्या तसं पडून. दुसऱ्या दिवशी त्याच मिठावर आई घसरते, कारण खालचा बर्फ तसाच असतो आणि वर गोल खडे जमलेले असतात.

चूक मिठाच्या प्रमाणात आहेच, पण त्याआधी क्रमात आहे. मीठ हे स्नो वितळवायचं साधन नाही. बर्फ आणि जमीन यांची पकड सोडवणं एवढंच त्याचं काम, बाकीचं काम फावड्याचं. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या ड्राइव्हवेवरून वाहणारं पाणी रस्त्याकडेच्या जाळीतून स्टॉर्म ड्रेनमध्ये, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या गटारात जातं आणि तिथून बहुतेक ठिकाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात, तळ्यात. मिठातलं क्लोराइड कुजत नाही, उडून जात नाही, गाळूनही निघत नाही. ते काढायचं तर रिव्हर्स ऑस्मोसिससारखी महागडी यंत्रणा लागते, आणि अख्ख्या तळ्याला ती कोण लावणार? मिनेसोटात जलचरांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम आहे. इथलं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की चहाचा एक चमचा मीठ ५ गॅलन पाणी कायमचं बिघडवायला पुरतं. मी ५० पाउंडच्या पिशवीचा हिशेब करून पाहिला. साध्या मिठाची एक पिशवी सुमारे ६० हजार लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो त्या १० हजार लिटरच्या टँकरचे सहा टँकर. ज्यांनी लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन रांग लावली आहे, त्यांना यापुढे सांगायला नको.

लेखातलं तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, कारण अमेरिकेतल्या पिशव्यांवर तेच असतं. सेल्सियस कंसात दिलं आहे. स्नो म्हणजे वरून पडणारं भुसभुशीत हिम आणि बर्फ म्हणजे जमिनीला चिकटलेला कडक थर, असा फरक मी सगळीकडे केला आहे. तो फरक लक्षात ठेवा, कारण दोघांवरचा इलाज वेगळा आहे.

## १. तयारी: नोव्हेंबरातच, पहिल्या स्नोच्या आधी

जागा मोजा. टेप घ्या आणि ड्राइव्हवेची लांबी-रुंदी मोजा. दोन गाड्यांचा छोटा ड्राइव्हवे साधारण २० फूट बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट भरतो. साइडवॉकचा, म्हणजे रस्त्याकडेच्या पायवाटेचा, एक चौकोन बहुधा ५ बाय ५ फुटांचा, म्हणजे २५ चौरस फूट. दहा चौकोन झाले २५० चौरस फूट. हे आकडे गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. अंधारात, बोटं आखडलेली असताना हिशेब सुचत नाही.

माप तयार करा. प्रमाण असं: २५० चौरस फुटांना १ पाउंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम मीठ. १२ औंसाचा कॉफीचा मग शिगोशीग भरला की तेवढं होतं. मी श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा वापरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदाच ४५० ग्रॅम मीठ तोलून त्यात ओतलं आणि जिथवर आलं तिथे मार्करने रेघ मारली. आता दरवेळी वजन करावं लागत नाही. पाचशे चौरस फुटांच्या ड्राइव्हवेला दोन डबे. बस. हजार चौरस फुटांनाही ४ पाउंडांच्या वर कधी जायचं नाही.

पहिल्यांदा हे प्रमाण दिसायला फारच कमी वाटतं. वाटू द्या.

हत्यारं जमवा. स्नो ढकलायचं रुंद फावडं, बर्फ खरवडायला लांब दांड्याचं सरळ पात्याचं आइस चॉपर, एक ताठ झाडू आणि सुपली. झाडू-सुपली कशाला ते पुढे कळेल. जमलं तर हाताने फिरवायचा छोटा स्प्रेडर घ्या, आणि लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. ते काहींच्या घरी तव्याचं किंवा तेलाचं तापमान बघायला आधीच असतं.

पाणी कुठून येतं ते बघा. या पायरीकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही आणि इथेच सर्वांत जास्त मीठ वाचतं. छपराच्या पन्हळीचा पाइप तुमच्या पायवाटेवर सुटतो का? दुपारी उन्हाने छपरावरचा स्नो वितळतो, पागोळ्या गळतात, ते पाणी वाटेवर पसरतं आणि सूर्य कलला की त्याची काच होते. तुम्ही रोज संध्याकाळी तिथे मीठ टाकता आणि रोज दुपारी ते धुऊन जातं. पाइपचं तोंड हिरवळीकडे वळवा. स्नोचा ढीगही उताराच्या खालच्या बाजूला लावा. वरच्या बाजूला लावला तर तो वितळून सगळं पाणी वाटेवरूनच जातं.

> तपासा: एक बादली पाणी दाराशी ओता आणि ते कुठे जातं, कुठे थांबतं ते पाहा. जिथे थांबतं, तिथे जानेवारीत बर्फ असणार.

## २. पिशवी विकत घेताना

दुकानात रंगीबेरंगी पिशव्यांची भिंत असते. पुढच्या बाजूचे "सेफ", "इको", "पेट फ्रेंडली" हे शब्द सोडून द्या. त्यांना नियमाची ठरीव व्याख्या नाही. पिशवी उलटी करा आणि मागे घटक वाचा.

सोडियम क्लोराइड म्हणजे रॉक सॉल्ट. स्वस्त. जमिनीचं तापमान १५ अंशांच्या (उणे ९) वर असेल तोवरच उपयोगाचं. "मिश्रण" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पिशव्यांत मुख्यतः हेच असतं.

मॅग्नेशियम क्लोराइड साधारण उणे १० अंशांपर्यंत (उणे २३) आणि कॅल्शियम क्लोराइड साधारण उणे २० अंशांपर्यंत (उणे २९) चालतं. दोन्ही महाग, म्हणून कमी वापरली जातील अशी अपेक्षा असते, पण क्लोराइड त्यांतही आहेच. कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे गोल दाणे पाण्यात विरघळताना गरम होतात. ओल्या हाताने धरू नका, त्वचा चुरचुरते. जास्त पडलं तर फरशीवर तेलकट, निसरडा थर राहतो.

युरिया म्हणजे खतच. ते पाण्यात जाऊन शेवाळ वाढवतं आणि बर्फावर फारसं कामही करत नाही. काही "प्राण्यांसाठी सुरक्षित" पिशव्यांत तेच असतं.

घरात शिल्लक आहे म्हणून वॉटर सॉफ्टनरच्या (जड पाणी मऊ करायच्या यंत्राच्या) मिठाच्या मोठ्या गोळ्या टाकणारेही मी पाहिलेत. त्या घरंगळत बाजूच्या गवतात जातात. आणि सैंधव, समुद्री, आयोडीनयुक्त, सगळं शेवटी सोडियम क्लोराइडच. तळ्याला त्यांतला फरक कळत नाही.

वाळू किंवा कोंबड्यांना देतात ती बारीक टोकदार खडी याच फेरीत घेऊन ठेवा. शेतीसामानाच्या दुकानात खडी मिळते. कडाक्याच्या थंडीत तीच कामाला येते.

> सावधान: अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेलं काहीही काँक्रीटवर टाकू नका. ते काँक्रीटला रासायनिकरीत्या खातं. आणि काँक्रीट यंदाच ओतलेलं असेल तर पहिल्या हिवाळ्यात कुठलंही मीठ नको, फक्त फावडं आणि वाळू. नव्या घराच्या पायरीचे पापुद्रे निघाले म्हणून बिल्डरवर चिडलेले लोक मला भेटलेत. खोदून विचारलं तर बहुतेकांनी पहिल्याच डिसेंबरात पिशवी रिकामी केलेली असते.

## ३. स्नो येण्याआधी: मिठाचं पाणी (जमलं तर)

महामार्गावर वादळाच्या आदल्या दिवशी पांढऱ्या समांतर रेघा दिसतात ना, तो हाच प्रकार. आधी टाकलेलं मीठ बर्फाला जमिनीशी चिकटूच देत नाही, आणि नंतर टाकण्यापेक्षा कितीतरी कमी लागतं.

१ लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम रॉक सॉल्ट विरघळवा. ते साधारण २३ टक्के होतं. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे २१ सेल्सियसपर्यंत, जातो तो याच प्रमाणाला. त्याहून घट्ट केलं तर फायदा नाही, उलट गोठण्याचं तापमान पुन्हा वर सरकतं. तळाला बसलेली माती गाळून बागेच्या फवारणी पंपात भरा. २५० चौरस फुटांना साधारण अर्धा लिटर, फार तर त्याहून थोडं जास्त, रेघारेघांनी फवारा. सडा घालतो तसं सगळं ओलं करायचं नाही, मधे कोरडे पट्टे राहू द्या. एवढ्या पाण्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, म्हणजे डब्याच्या रेघेच्या जेमतेम एक तृतीयांश.

हे कधी करू नये? स्नोच्या आधी पाऊस पडायचा अंदाज असेल तर नको, सगळं धुऊन जाईल. जमीन १५ अंशांखाली असेल तरी नको. वाऱ्याने इकडेतिकडे उडणारा कोरडा भुरभुरीत स्नो येणार असेल तेव्हाही नको, कारण तो नुसत्या कोरड्या जमिनीवर झाडूनेच निघतो, ओल्या मिठाला मात्र चिकटून बसतो.

पंप नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वेळी नळी तुंबलेली सापडेल.

## ४. स्नो पडल्यावर: आधी फावडं, मग गाडी, मग मीठ

या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

स्नो पडत असताना दर दोन-तीन इंचांना एकदा बाहेर या आणि ढकलून जा. सकाळी एकदम आठ इंच उचलण्यापेक्षा रात्री तीनदा ढकलणं हलकं पडतं. ढकला, उचलून फेकू नका. उचलावाच लागला तर अर्धंच फावडं भरा आणि गुडघ्यात वाका. ओला, जड स्नो उचलताना हृदयविकाराचे झटके येतात, दर हिवाळ्यात येतात. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे काम अंगावर घेऊ नये. भारतातून आलेले बाबा "मी करतो रे, बसून काय करू" म्हणत उठतात, तेव्हा त्यांच्या हातात झाडू द्या, फावडं नको.

गाडी बाहेर काढण्याआधी स्नो काढा. टायरखाली दाबला गेलेला स्नो म्हणजे दोन लांब बर्फाच्या पट्ट्या. मग आठवडाभर त्या पट्ट्यांवर मीठ पडत राहतं. पाच मिनिटं लवकर उठून फक्त टायर जातात तेवढे दोन पट्टे ढकलले तरी पुरे.

फावडं जमिनीपर्यंत लावा. वर अर्धा इंच ठेवून "उरलेलं मिठाने जाईल" असं म्हणायचं नाही.

पालिकेचा प्लाउ, म्हणजे स्नो ढकलणारा ट्रक, रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून जातो. तो लगेच काढा, तासाभरात तो दगड होतो. स्नो परत रस्त्यावर ढकलू नका.

साइडवॉक कधीपर्यंत साफ हवा याचे नियम शहरागणिक वेगळे. मिनिआपोलिसमध्ये स्वतंत्र घरं आणि डुप्लेक्स यांना स्नो थांबल्यापासून २४ तास मिळतात. आपल्या शहराचा नियम पालिकेच्या संकेतस्थळावर बघून तोही गॅरेजच्या भिंतीवर लिहा.

> तपासा: फावडं मारून झालं की दहा मिनिटं घरात या, चहा घ्या आणि पुन्हा बाहेर जाऊन बघा. डांबरी, काळा, दक्षिणेला तोंड असलेला ड्राइव्हवे ऊन पडताच स्वतःच कोरडा होतो. कोरड्या जागेवर मीठ टाकायचं काहीच कारण नाही.

## ५. मीठ टाकायचं की नाही: तापमान ठरवतं

हवेचं नव्हे, जमिनीचं तापमान. फोनवर दिसतं ते हवेचं. उन्हातला डांबरी तुकडा त्याहून बराच गरम असतो, उत्तरेकडची सावलीतली पायरी बरीच थंड. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन-तीन ठिकाणी रोखून बघा.

आता हे आकडे शांतपणे वाचा. जमीन ३० अंशांना (उणे १) असताना १ पाउंड मीठ सुमारे ४६ पाउंड बर्फ वितळवतं, आणि पाचेक मिनिटांत कामाला लागतं. २० अंशांना (उणे ७) तेच १ पाउंड मीठ साडेआठ पाउंडांच्या आसपास येतं आणि वीस मिनिटं घेतं. १५ अंशांना सहा पाउंड, आणि तास. १० अंशांना (उणे १२) कोरडं मीठ नुसतं पडून राहतं, वाऱ्याने उडतं.

म्हणून थंडी वाढली की जास्त मीठ टाकायचं, हा हिशेबच उलटा आहे. थंडी वाढली की मीठ थांबवायचं.

- २० अंशांच्या वर: रॉक सॉल्ट, मोजून.
- १५ ते २०: रॉक सॉल्ट, पण वेळ द्यावा लागेल. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान टाका, सकाळी सहाला नको.
- १५ च्या खाली: रॉक सॉल्ट बंद. पायरीसारख्या अगदी धोक्याच्या जागी थोडं कॅल्शियम क्लोराइड, बाकी सगळीकडे वाळू किंवा खडी.

> सावधान: गरम पाणी ओतू नका. क्षणभर बर्फ गेल्यासारखा वाटतो आणि मग तेच पाणी गोठून आधीपेक्षा गुळगुळीत थर तयार होतो.

## ६. मीठ टाकणं

फक्त बर्फ आहे तिथेच, आणि फक्त माणसं चालतात तिथे. गाडीच्या चाकांना सपाट ड्राइव्हवेवर सहसा मिठाची गरज नसते. पायऱ्या, उतार, दार ते गाडी ही वाट, पोस्टाची पेटी, साइडवॉक: या जागा.

डब्याच्या रेघेपर्यंत मीठ घ्या. हातमोजा घालून पेरणीत बी फोकतात तसं मनगट फिरवत फोका. चिमटीतून रांगोळीसारखी धार सोडायची नाही आणि मुठीने ढीगही टाकायचा नाही. दाण्यादाण्यात चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. खाली वाकून आपली चार बोटं दोन दाण्यांमध्ये ठेवून बघा, दोन-तीनदा केलं की हाताला सवय होते. कडेला, हिरवळीच्या बाजूला, वीतभर जागा सोडा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी कडेपर्यंत मीठ मारत गेले. एप्रिलमध्ये ड्राइव्हवेलगतच्या आर्बरव्हायटीच्या, म्हणजे कुंपणाला लावतात त्या सदाहरित झाडांच्या, फांद्या त्या एका बाजूने गुडघ्याच्या उंचीपर्यंत तांबूस करपलेल्या होत्या, पलीकडच्या बाजूने हिरव्यागार. त्यांतली दोन झाडं पुढच्या वर्षी काढावी लागली.

इतक्या कमी मिठाने काय होणार, असं वाटत असेल तर एक दाणा निवडा आणि त्याच्याकडे बघत उभे राहा. थोड्याच वेळात त्याच्याभोवती ओलं वर्तुळ दिसतं. दाणा हळूहळू खाली उतरतो, बर्फात सुईच्या नेढ्याएवढं भोक पाडत. जमिनीला टेकला की ते खारं पाणी बर्फाखालून चहूकडे पसरतं. वरून बर्फ तसाच पांढरा दिसतो, पण त्याची जमिनीवरची पकड सुटलेली असते. शेजारच्या दाण्याचं पाणी चार बोटांवरून येऊन त्याला मिळतं. ढीग टाकला तर सगळे दाणे एकाच जागी भोक पाडतात आणि बाजूचा बर्फ घट्टच राहतो.

## ७. थांबा, मग खरवडा

लोक मीठ टाकून आत जातात आणि बर्फ पूर्ण पाणी होईपर्यंत वाट बघतात. नाही झालं तर पुन्हा टाकतात. इथेच प्रमाण दुप्पट होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी (१५ ते २० अंशांना तासाभराने) आइस चॉपर घेऊन बाहेर या. पातं तिरपं धरून कडेपासून आत सरकवा. मीठ मुरलं असेल तर बर्फ पापडासारखा सुटून मोठाल्या तुकड्यांत येतो. नसेल सुटत तर अजून दहा मिनिटं थांबा, पण मिठाचा डबा उचलू नका. सुटलेले तुकडे आणि रबडी झालेला स्नो फावड्याने बाजूला काढा. ती रबडी तशीच ठेवली तर रात्री पुन्हा गोठते आणि सकाळी पायाच्या ठशांसकट खडबडीत बर्फ मिळतो.

> सावधान: काँक्रीटवर चॉपर कुऱ्हाडीसारखा आपटू नका. सरकवायचा आहे.

## ८. उरलेलं मीठ झाडून परत घ्या

जमीन कोरडी झाल्यावर पांढरे खडे दिसत असतील तर ते जास्त झालेलं मीठ आहे. ते आता काहीही करत नाही, पुढच्या पावसाची वाट बघतंय. झाडू-सुपलीने गोळा करा, डब्यात भरा, पुढच्या वेळी वापरा. माझी आजी सांगायची, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. लहानपणी त्या भीतीने मी जेवताना पानातलं मीठसुद्धा सांडू देत नसे. इथे झाडूने वेचायची सोय आहे, ती वापरावी.

दुकानांच्या आणि ऑफिसच्या दारांशी हे खडे पायघड्यांसारखे पसरलेले असतात. आत जाऊन शांतपणे सांगा की दाराशी मीठ फार झालंय, झाडून परत वापरता येईल. मी सांगते. बहुतेक जण ऐकतात, कारण पिशवीचे पैसे त्यांचेच जातात.

घरात: दाराशी जुना टॉवेल आणि कडेचा ट्रे ठेवा. फरशीवरचे आणि बुटांवरचे पांढरे डाग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले की जातात. कुत्रा असेल तर फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या फटींत मीठ अडकतं आणि तो ते चाटतो.

## ९. मीठ चालत नाही तेव्हा

उणे तापमानाचे ते आठ-दहा दिवस येतातच. तेव्हा वाळू किंवा खडी बर्फावर फोका. ती वितळवत नाही, पायाला पकड देते, बस. म्हणून ती बर्फाच्या वर राहिली पाहिजे. नवा स्नो पडला की तो काढून पुन्हा फोकावी लागते. मीठ आणि वाळू एकत्र कालवून टाकू नका. मीठ बर्फ मऊ करतं, वाळू त्यात रुतते आणि दोन्ही वाया जातात. वसंतात वाळूही झाडून घ्या, नाहीतर ती स्टॉर्म ड्रेनची जाळी तुंबवते.

घरात वयस्कर माणसं असतील तर बुटांना लावायचे रबरी पट्ट्यांचे आइस क्लीट आणा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यातले तीन महिने घरात कोंडले जातात, आणि त्यांच्या काळजीपोटीच आपण पिशव्याच्या पिशव्या ओततो. क्लीटचा एक जोड हे काम मिठापेक्षा चांगलं करतो. घरात शिरताना मात्र काढायला सांगा, टाइलवर ते उलट घसरतात.

संक्रांतीचं हळदीकुंकू हा खास प्रसंग. जानेवारी, संध्याकाळ, पंधरा बायका, काठापदराच्या साड्या आणि पायात नाजूक चपला. यजमानीण घाबरून दुपारी अख्खा ड्राइव्हवे पांढरा करते. त्याऐवजी असं करा. सकाळीच गाडी लावण्यापासून दारापर्यंत चार फूट रुंदीची एकच वाट जमिनीपर्यंत खरवडून घ्या. दुपारी, तापमान चालत असेल तर, तेवढ्याच वाटेवर मोजून मीठ, नसेल तर खडी. वाटेच्या दोन्ही बाजूंना दिवे लावा, म्हणजे कुणी बाजूच्या बर्फावरून येणार नाही. आणि आमंत्रणातच लिहा: बूट घालून या, चपला पिशवीत आणा. पायऱ्यांशी एक जण हात द्यायला उभा असू द्या.

## १०. टाउनहाउस किंवा सोसायटीत राहत असाल तर

तिथे मीठ तुम्ही नाही, ठेकेदार टाकतो. असोसिएशनच्या बैठकीत करार मागून वाचा. ठेकेदाराला पैसे टाकलेल्या मिठाच्या वजनावर मिळत असतील तर तो कमी का टाकेल? ठरावीक रकमेचा करार, जमिनीचं तापमान नोंदवायची अट, आणि प्रशिक्षित माणूस, या तीन गोष्टी मागा. मिनेसोटात प्रदूषण नियंत्रण खात्याचं "स्मार्ट सॉल्टिंग" प्रशिक्षण आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रमाणपत्र घेतलेल्या ठेकेदारांना घसरून पडल्याच्या दाव्यांपासून कायद्याने काही संरक्षण मिळतं, कारण दाव्याच्या भीतीनेच ते जास्त मीठ ओततात. ट्विन सिटीजमधले, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉल भागातले, शिंगल क्रीक आणि नाइन माइल क्रीक हे ओढे क्लोराइडमुळे दूषित ठरलेत. त्यांच्या पाणलोटात तुमची सोसायटी असेल तर बैठकीत ते नावानिशी सांगा, माणसं लगेच सावरून बसतात.

## ११. मार्चअखेर

शेवटचा स्नो गेला की पिशवीत किती उरलं ते बघा. तोंड घट्ट बांधून, झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, उघडं राहिलं तर ऑक्टोबरात बादलीत खारट डबकं सापडेल. ड्राइव्हवेच्या कडेची माती करपलेली असेल तर तिथे भरपूर पाणी घालून मीठ मुळांखाली उतरवा आणि मग गवताचं बी टाका. खासगी विहिरीचं पाणी पीत असाल तर वर्षातून एकदा क्लोराइड आणि सोडियम तपासून घ्या, घरात कुणाला रक्तदाबासाठी मीठ कमी खायला सांगितलं असेल तर नक्कीच.

आणि गॅरेजच्या भिंतीवर, नोव्हेंबरातल्या आकड्यांखाली, या वर्षी किती पाउंड लागलं ते लिहा. आमच्या भिंतीवर सर्वांत वरच्या ओळीत १५० आहे. गेल्या हिवाळ्याच्या ओळीत २२.